मशालीखालच्या दोऱ्या

माझी काकू लोकांचे कपडे धुवायची. एवढं सांगितलं की ऐकणारा लगेच चेहरा पाडतो, गरीब बिचारी म्हणून. बिचारी वगैरे काही नव्हती ती. आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांत तिच्याइतक्या तोऱ्यात वावरणारं दुसरं कुणी नव्हतं. कंपनीच्या माणसांचे तेलाने माखलेले बॉयलर सूट ती सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवायची, दगडावर असे आपटायची की शेजारच्या घरातल्या फळीवरची भांडी थरथरावीत, आणि परत द्यायची तेव्हा ते इतके स्वच्छ असायचे की घालणाऱ्यालाच संकोच वाटावा. मी तिची पुतणी, शेजारच्याच खोलीत शिवणयंत्र टाकून बसलेली. फाटलेला गुडघा, तुटलेली चेन, उसवलेला खिसा माझ्याकडे, मळ काकूकडे. म्हणजे दोघींचंही पोट कंपनीच्या घाणीवर चालायचं. हे मी आधीच सांगून टाकते, नंतर कुणी मला ऐकवायला नको.

आमच्या घरांमागे मोकळं मैदान होतं, मैदानापलीकडे तारेचं कुंपण आणि कुंपणाआड मशाल. जमिनीतून तेल काढताना त्याच्याबरोबर गॅसही वर येतो. तो साठवायचा, नळातून कुठे न्यायचा, तर खर्च येतो. म्हणून कंपनीने एक उंच लोखंडी नळ उभा केला आणि त्याच्या टोकाशी तो गॅस पेटवून दिला. जळू दे किती जळायचा तो. कंपनीवाले त्याला फ्लेअर म्हणायचे, आम्ही मशाल. ती रात्रंदिवस घोंघावत असायची. आमच्या अंगणात दिवा लावावा लागत नाही, असं लोक पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे. कोंबड्यांना मात्र झोपायचं कधी तेच कळेनासं झालं आणि त्यांनी अंडी देणं सोडून दिलं. ओळीत कंपनीच्या विरोधात उभं राहिलेलं पहिलं कोण असेल तर त्या कोंबड्या.

काकूने त्या मशालीला कामाला लावलं. कुंपणालगत खांब ठोकून तिने दोऱ्या बांधल्या. पावसाळ्यात सगळ्यांच्या घरात ओले कपडे कुबट वास मारत लोंबकळायचे, तेव्हा काकूचे जाडजूड बॉयलर सूटसुद्धा बघता बघता खडखडीत वाळायचे. आगीची झळ थेट दोऱ्यांवर यायची. लांबलांबच्या वस्तीतून लोक तिच्याकडे कपडे पाठवायला लागले ते तिच्या हातापेक्षा या झळेमुळे, हे तिलाही माहीत होतं, पण तसं कुणी म्हटलेलं तिला खपायचं नाही.

झळ होती तशी काजळीही होती. वारा फिरला की धुतलेल्या कपड्यांवर बारीक काळा भुगा बसायचा आणि सगळी मेहनत पाण्यात. त्यावर काकूने एक युक्ती काढली होती. जुन्या चादरीचं एक पांढरं फडकं फाडून ती दोरीच्या टोकाला, कुंपणाच्या अगदी जवळ अडकवायची. ते करडं पडायला लागलं की समजायचं, काजळी आपल्या बाजूला यायला लागली, कपडे पलीकडच्या दोऱ्यांवर हलवा. या फडक्याचं नाव होतं सासूबाई. “धुण्यात खोट काढायचं काम तिचं,” काकू म्हणायची. मग मधूनच मैदानातून हाळी यायची, “सासूबाईंचं तोंड काळं झालं गं, धावा!” आणि आम्ही हातातलं टाकून दोऱ्यांकडे पळायचो. सगळी ओळ हसायची. फडक्यावर दिसतं ते आपल्या छातीतही जात असेल, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असलं तरी ओठांवर आलं नाही, कारण घरटी एक माणूस कंपनीत कामाला होता.

काकासुद्धा होते. त्याआधी ते खाडीत मासे धरायचे. कंपनी आली आणि खाडीवर रंगीत तवंग दिसायला लागला. माशांना आधी वास यायला लागला, मग मासेच यायचे बंद झाले. कंपनीने उदार होऊन काकांना गेटवर उभं केलं, एक शिट्टी दिली आणि एक टोपी. आयुष्यभर स्वतःच्या होडीत बसलेला माणूस, त्याला दिवसभर उभं राहायची नोकरी. साहेबांच्या गाड्यांना सलाम ठोकता ठोकता एक दिवस ते गेटपाशीच खाली बसले ते पुन्हा उठले नाहीत. कंपनीकडून फुलं आली. काकूने ती दाराबाहेरच ठेवायला लावली आणि पुढच्या महिन्यात आणखी दोन दोऱ्या वाढवल्या. खाडीचं पाणी धुण्यालाही चालेनासं झालं होतं, त्यामुळे पाण्याचा टँकरही कंपनीचाच यायचा. कंपनीच्या पाण्याने कंपनीचं तेल धुवायचं आणि कंपनीच्या आगीवर वाळवायचं. “हात तेवढे माझे,” काकू म्हणायची.

तिला एकच मुलगी, बारकी. ती माझ्याहून बरीच लहान पण वीतभर उंच, तरी लहानपणी चिकटलेलं नाव काही सुटलं नाही. इस्त्रीचं काम तिच्याकडे. ती दोऱ्यांखालीच रांगली, दोऱ्यांखालीच खेळली. तिला आधी चढ चढताना दम लागायला लागला, मग गठ्ठा उचलताना, आणि मग नुसतं बोलतानाही. बोलता बोलता ती मधेच थांबायची, हाताने ‘जरा थांब’ अशी खूण करायची, आणि श्वास जागेवर आला की राहिलेलं वाक्य पुरं करायची. आम्हाला सवय झाली होती. आम्ही तिचं वाक्य तिच्याआधी पुरं करून टाकायचो आणि ती चिडायची, “माझं मला बोलू द्या की!”

सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा एक डॉक्टरबाई यायच्या. त्यांनी बारकीच्या छातीला नळी लावली आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, “हिला इथून हलवा. औषधं मी देईन, पण इथे राहून त्यांचा उपयोग नाही.”

“हलवू कुठे?” काकू म्हणाली. “दोऱ्या काय खांद्यावर टाकून नेऊ?”

त्याच सुमारास कंपनीला आणखी विहिरी खोदायच्या होत्या. त्यासाठी लोकांची सुनावणी घेणं कायद्याने भाग होतं. डॉक्टरबाईंनी हे हेरलं आणि एका संध्याकाळी त्या आमच्या अंगणात आल्या. मशालीची काजळी थेट आमच्या घरांपर्यंत येते हे सुनावणीत दिसलं, तर अख्खी ओळ स्वच्छ जागी हलवून घरं बांधून द्यावी लागतील आणि बारकीसारख्यांच्या उपचाराचा भारही कंपनीवर पडेल, असं त्यांनी आम्हाला समजावलं. “पण नुसतं तोंडाने सांगाल तर ते कानाआड करतील,” त्या म्हणाल्या. “काहीतरी समोर ठेवा.” आणि तेवढ्यात त्यांची नजर दोरीवरच्या सासूबाईंकडे गेली.

ठरलं ते असं. रोजचं फडकं उतरवायचं, न धुता घडी घालायचं, बारकीने कोपऱ्यात खुणेच्या शाईने तारीख टाकायची आणि ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवायचं. सुनावणीत सगळ्यांसमोर अधिकारी ती फडकी मोहोरबंद करतील आणि तपासायला पाठवतील. डॉक्टरबाई हे सांगत होत्या तेव्हा काकू त्यांच्याकडे अशी बघत होती, जणू कुणी तिला तोंड न धुता बाजारात जायला सांगितलंय.

तिने ते कसं सोसलं ते मी बघितलंय. ट्रंकेजवळून जाताना ती तोंड वाकडं करायची. “घरात मढं ठेवल्यासारखं वाटतं,” असं तिने मला दोनदा ऐकवलं. बारकीचं मात्र सगळं लक्ष त्या ट्रंकेवर. रोजचं फडकं उजेडात धरून ती म्हणायची, “आज बघ, आज किती छान काळं झालंय!” नवीन घर कसं असेल ते ती इस्त्री करता करता बोलायची. त्या घरात तिला मोठं काहीच नको होतं. खिडकी उघडी ठेवून झोपायचं होतं, एवढंच. आमच्या ओळीत खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या असायच्या, त्यामुळे ही चैन तिने कधी अनुभवलीच नव्हती. तिचं हे बोलणं ऐकून माझ्यासारख्या खवचट बाईलाही वाटायला लागलं होतं की या वेळी काहीतरी होईल.

सुनावणीच्या आठवडाभर आधी कंपनीचा एक साहेब काकूच्या दारात उभा राहिला. लोकांशी गोड बोलायची नोकरी होती त्याची. खाडीतले मासे गेले तेव्हाही तो हसत होता आणि काकांची फुलं घेऊन आला तेव्हाही, म्हणून आम्ही त्याला हसरा साहेब म्हणायचो. तो काकूच्या मोडक्या खुर्चीवर बिनदिक्कत बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला की कंपनीच्या अतिथीगृहातल्या चादरी, अभ्रे, टॉवेल, सगळं पांढरं कापड यापुढे काकूकडेच द्यायचं मनात आहे. “तुमच्या हातचं धुणं म्हणजे बघत राहावं असं! सुनावणीला याल ना तुम्ही? मोठमोठे लोक येणारेत. तुमचंही काम बघू दे त्यांना.” बस, एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. मी माझ्या खोलीतून सगळं ऐकत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण त्याच्या बोलण्यात बोट ठेवावं असं काहीच नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी बारकी आणि मी दवाखान्यात डॉक्टरबाईंकडे गेलो होतो, कुणी काय बोलायचं ते ठरवायला. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूने सगळी फडकी एका स्वच्छ चादरीच्या बोचक्यात बांधून तयार ठेवली होती. “ट्रंक कशाला वाहायची,” ती म्हणाली. बारकीने मला सांगितलं, “बघ, आईपण आली शेवटी आपल्या बाजूला.” बोचकं मीच काखेत मारून नेलं.

शाळेच्या मोठ्या खोलीत टेबलामागे अधिकारी बसले होते. बाजूला हसरा साहेब आणि त्याचा फोटोवाला. आमचं नाव पुकारलं तशी बारकी पुढे गेली. दोन वाक्यं बोलली, थांबली, हाताने ‘जरा थांबा’ केलं, पुन्हा बोलली. मग तिने बोचक्याची गाठ सोडली.

आत पांढरीशुभ्र फडकी होती. नीळ दिलेली, खळ केलेली, इस्त्री मारलेली. घड्या थोड्या वाकड्या होत्या, कारण इस्त्रीवर काकूचा हात कधी बसलाच नव्हता. कोपऱ्यातल्या तारखा तेवढ्या ठळक दिसत होत्या. खुणेची शाई काही केल्या जात नाही, काजळी जाते.

मला क्षणभर वाटलं, चुकीचं बोचकं आणलं. बारकीला तसं वाटलं नाही. तिने फक्त मान वळवून काकूकडे बघितलं.

“हे काय आहे?” अधिकाऱ्याने विचारलं. डॉक्टरबाई उभ्या राहून ओरडल्या, “धुतलीत ही! ही न धुता आणायची होती!”

“मग धुतली कुणी?”

“मी,” काकू म्हणाली आणि पुढे आली. “माझ्या घरातून मळका कपडा बाहेर जात नाही.” असं म्हणून तिने एक फडकं दोन्ही हातांनी कोपऱ्यांत धरून सगळ्यांना दाखवलं. मागे हशा पिकला. फोटोवाल्याने फोटो काढला.

अधिकारी तसा सरळ माणूस असावा. त्याने हसणाऱ्यांना गप्प केलं आणि काकूला विचारलं, “बाई, नीट सांगा. धुवायच्या आधी ही काळी होती का?”

काकूने एकदा हसऱ्या साहेबाकडे बघितलं, एकदा फडक्याकडे. बारकीकडे नाही बघितलं. “कपडा म्हटला की मळतोच, साहेब,” ती म्हणाली. “घामाने मळतो, धुळीने मळतो.”

बारकीला काहीतरी बोलायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि तिला जी ढास लागली ती थांबेना. अधिकारी म्हणाला, “पाणी द्या त्यांना कुणीतरी,” आणि त्याने पुढचं नाव पुकारलं.

घरी आल्यावर मी काकूला नाही नाही ते बोलले. पोटच्या पोरीचा गळा घोटलास, इथपर्यंत गेले. ती आधी ऐकून घेत होती, मग उसळली. “तुला बोलायला काय जातं? माझ्या दोऱ्यांवरचं फडकं चारचौघांत काळंठिक्कर निघालं असतं, तर उद्या कोण टाकणार होतं माझ्या दोऱ्यांवर कपडे? अतिथीगृहवाला टाकणार होता? हिची औषधं, श्वासाचा पंप कशातून येतात? तुझ्या शिवणयंत्रातून? घरं देतील म्हणे! ह्यांनाही कायम नोकरी देणार होते, दिली शिट्टी. हातात आहे ते सोडू आणि उद्या हिला उपाशी मारू?”

“उपाशी नाही मरत आहे ती,” मी म्हणाले. “गुदमरून मरतेय.”

काकूने कानशिलात द्यायला हात उगारला आणि तसाच खाली घेतला. बारकी दारात उभी होती. तिने रडावं, भांडावं, निदान दोन भांडी तरी आपटावीत असं मला वाटत होतं. ती आत गेली, इस्त्री तापवली आणि सकाळी राहून गेलेले सूट घेऊन बसली. खिडकीविषयी ती पुन्हा कधी बोलली नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, परत सुरुवात करू. पण सुनावणीचा अहवाल लिहून झाला होता, त्यात ‘काजळीचा पुरावा समोर आला नाही’ असं एक वाक्य होतं, आणि त्या वाक्यावर नवीन विहिरींना परवानगी मिळाली. थोड्याच दिवसांत डॉक्टरबाईंची बदली झाली. अतिथीगृहाच्या चादरी मात्र ठरल्याप्रमाणे आल्या. त्या करड्या पडू नयेत म्हणून काकू डोळ्यांत तेल घालून दोऱ्यांखाली उभी राहायची, आणि काकूचे पाय दुखायला लागले की बारकी.

मग काही वर्षांनी मशाल विझली. आमच्यासाठी विझवली असं समजू नका. लांबच्या शहरात गॅसला भाव आला, तेव्हा कंपनीने आमच्या ओळीखालूनच नळ टाकला आणि इतकी वर्षं जाळून टाकलेली वस्तू विकायला काढली. वर समारंभ केला, पर्यावरणाची काळजी म्हणून. टाळ्या वाजवायला आम्हालाच बोलावलं होतं. आमच्या पायांखालून गॅस वाहत होता आणि आमच्या चुली तशाच धुरकट होत्या. अंगणात पहिल्यांदा खराखुरा अंधार पडला, तेव्हा दिवा कुठे ठेवलाय तेच कुणाला आठवेना.

काकूच्या दोऱ्या गार पडल्या. त्या पावसाळ्यात अतिथीगृहाच्या चादरी दोन दोन दिवस ओल्याच राहिल्या, तिसऱ्या दिवशी त्यांना वास आला आणि चौथ्या दिवशी हसरा साहेब हसत हसत सांगून गेला की त्यांनी आता गॅसवर चालणारी वाळवायची यंत्रं घेतली आहेत. पुढे तेलही आटत गेलं. कामगार कमी झाले, तसे सूटही. माझ्याकडे आता चेन बदलायला शाळेची दप्तरं येतात. उपचाराचा खर्च मागायला मी कंपनीच्या कचेरीत गेले होते, तेव्हा तिथल्या पोराने शांतपणे विचारलं, “कुठली मशाल?” बाहेर बोट दाखवायला गेले, तर दाखवण्यासारखं काही नव्हतं. नळसुद्धा भंगारात गेला होता.

आता बारकीला दर आठवड्याला प्राणवायू घ्यायला कंपनीच्या धर्मादाय दवाखान्यात न्यावं लागतं. जवळ दुसरं काही नाहीच. तिथे बाकांसमोरच्या भिंतीवर एक मोठा फोटो लावलाय. काकू दोन्ही हातांनी पांढरंशुभ्र फडकं धरून उभी आहे, मान ताठ, चेहऱ्यावर तोच तोरा. खाली छापलंय, ‘आमच्या शेजारी हवाही स्वच्छ, कपडेही स्वच्छ.’ पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी नर्सला म्हणाले, काढा ते. ती म्हणाली, “भिंत कंपनीची आहे, ताई. मी काय करू?”

काकू आता थकलीय, तरी येते. बारकीच्या तोंडावर मास्क चढला की ती समोर बसलेल्यांपैकी कुणालातरी गाठते. कालही एका अनोळखी बाईजवळ जाऊन बसली. “तो फोटो बघितलास? ती मी,” ती म्हणाली. बाई कौतुकाने हसली. “ते फडकं काळं होतं,” काकू म्हणाली. “सगळीच काळी होती. ट्रंकभर. मी धुतली. मला विचारलं होतं त्यांनी, काळी होती का म्हणून.” तिचा आवाज चढत गेला. “काळी होती! शाईसारखी काळी होती! सगळ्यांनी ऐका!”

नर्स म्हणाली, “आजी, हळू. इथे आजारी माणसं आहेत.” बाई जरा सरकून बसली. दोघा-तिघांनी एकमेकांकडे बघून कपाळाशी बोट फिरवलं.

बारकीने मास्क खाली ओढला. “आई,” ती म्हणाली आणि हाताने ‘जरा थांब’ अशी खूण केली. काकू थांबली, मीही थांबले. आमच्यापैकी कुणीही तिचं वाक्य पुरं केलं नाही.

“हे तेव्हा बोलायचं होतं.”

आणि मास्क परत वर ओढून तिने डोळे मिटले.